कॉफी उत्तम, पण काम होईल का?

प्रतिनिधी, पुणे

दुपारी तीनपर्यंत बाराशे शब्दांचा मजकूर कार्यालयात पोहोचवायचा होता. घरी पाहुणे आलेले आणि शेजारच्या इमारतीत फरशा कापण्याचे काम सुरू. तेव्हा लॅपटॉप काखोटीला मारून प्रस्तुत प्रतिनिधीने जवळच नव्याने उघडलेला एक कॅफे गाठला. जागा देखणी होती. उंच छत, काचेच्या भिंती, गिलावा न केलेले सिमेंट, वरून सोडलेले मोठमोठे दिवे. कॉफीही नावाजण्यासारखी. मात्र टेबल जेमतेम गुडघ्याच्या उंचीचे, सोफा असा की बसणारा आत रुतून जावा, पाठीमागे कॉफी दळण्याचे यंत्र आणि समोरच्या टेबलावर एका सदनिकेच्या व्यवहाराची मोबाइलवरून चाललेली घासाघीस. दीड तासात चार परिच्छेद लिहून झाले आणि त्यांतले दोन पुसावे लागले. बॅटरी संपत आली, तेव्हा लक्षात आले की प्लग एकच आहे आणि तोही काउंटरच्या आत. मजकूर मुदतीत पोहोचला नाही. त्या दिवशी चूक कॅफेची नव्हती. तो गप्पांसाठीच सजवलेला होता. चूक निवडीची होती.

असा अनुभव आता केवळ पत्रकारांपुरता उरलेला नाही. २०२० च्या टाळेबंदीत घरोघरी कार्यालये थाटली गेली आणि टाळेबंदी उठल्यावरही अनेकांचे काम पूर्णतः वा अंशतः घरातच राहिले. अनुवादक, संगणक अभियंते, चित्रकार, सनदी लेखापालाच्या परीक्षेला बसणारे विद्यार्थी, प्रबंध लिहिणारे संशोधक अशा साऱ्यांना दिवसातले दोन-तीन तास तरी सलग आणि निर्वेध हवे असतात. मुंबई-पुण्यातल्या दोन खोल्यांच्या घरात ते मिळतीलच असे नाही. घरातल्या बाईच्या वाट्याला तर ते सर्वांत शेवटी येतात. ती लॅपटॉप उघडून बसली तरी ती घरीच आहे असे घर धरून चालते. अशा वेळी कॅफे ही चैन राहत नाही. तासाच्या बोलीने घेतलेली ती एक खोली असते. ही खोली कशी पारखावी, एवढाच या लेखाचा विषय आहे.

जागा मुळात कशासाठी?

सार्वजनिक जागी बसून काम उरकण्याची रीत जुनी आहे. लंडनमध्ये सतराव्या शतकाच्या अखेरीस एडवर्ड लॉइड याच्या कॉफीगृहात जहाजांचे मालक, कप्तान आणि विमा उतरवणारे व्यापारी जमत. त्या बैठकींतूनच पुढे ‘लॉइड्स’ हा विम्याचा जगप्रसिद्ध बाजार उभा राहिला. आपल्याकडे हे काम इराण्यांनी केले. मुंबईत धोबी तलावाजवळचे कयानी १९०४ सालचे, बॅलार्ड इस्टेटमधील ब्रिटानिया १९२३ सालचे, तर पुण्यात डेक्कनवरचे गुडलक १९३५ सालचे. संगमरवरी टेबले, काळ्या लाकडाच्या ताठ पाठीच्या खुर्च्या आणि एका चहावर टेकलेली माणसे हे चित्र दोन्ही शहरांच्या ओळखीचे आहे. कवी अरुण कोलटकर काळा घोडा येथील ‘वेसाइड इन’मध्ये वर्षानुवर्षे नेमाने बसत. त्या खिडकीतून दिसणारा चौक २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘काळा घोडा पोएम्स’ या संग्रहात उतरला. ते उपाहारगृह आता राहिलेले नाही.

नव्या पद्धतीचे कॅफे आले ते नव्वदच्या दशकात. कॅफे कॉफी डेचे पहिले दालन १९९६ साली बंगळुरूच्या ब्रिगेड रोडवर उघडले, ते मुळात इंटरनेट कॅफे म्हणून. बरिस्ता २००० साली आले, तर स्टारबक्सने ऑक्टोबर २०१२ मध्ये मुंबईच्या हॉर्निमन सर्कल येथे भारतातील पहिले दालन थाटले. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रे ओल्डनबर्ग यांनी १९८९ साली आपल्या ग्रंथात ‘तिसरी जागा’ ही संकल्पना मांडली होती. घर ही पहिली जागा, कामाचे ठिकाण ही दुसरी, आणि माणसे केवळ एकमेकांच्या सहवासासाठी जमतात ती तिसरी. कॅफे, केशकर्तनालये, गुत्ते अशा जागा त्यांना अभिप्रेत होत्या.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. ओल्डनबर्ग यांच्या मते तिसऱ्या जागेचे मुख्य काम संभाषण हे आहे. म्हणजे कॅफेत शांतता मागणारा मनुष्य दुसऱ्या जागेचे काम तिसऱ्या जागेत आणून ठेवत असतो. तेथील गप्पा हा त्या जागेचा दोष नव्हे, तो तिचा स्वभावच आहे. म्हणूनच चांगला कॅफे आणि कामाला चांगला कॅफे या दोन वेगळ्या गोष्टी होत. पहिल्यात मित्रांना घेऊन जावे. दुसरा मात्र शोधावा लागतो.

आधी काम ओळखा

शोध घराबाहेर पडण्यापूर्वीच सुरू होतो. आज करायचे काम कोणत्या जातीचे आहे, हा पहिला प्रश्न. एक काम असते कल्पना सुचण्याचे: जाहिरातीची कल्पना, लेखाचा आराखडा, नव्या प्रकल्पाची जुळवाजुळव. दुसरे असते एकाग्रतेचे: अनुवाद, मुद्रितशोधन, हिशेब, आज्ञावली लिहिणे. तिसरे किरकोळ: ईमेलची उत्तरे, देयके, फोटो निवडणे. चौथे बोलण्याचे: व्हिडिओ बैठका आणि दूरध्वनी.

किरकोळ काम कोठेही होते. बोलण्याचे काम कॅफेत नेऊच नये, कारण तेथे आपल्याला आवाजाचा त्रास होतो आणि आपला आवाज दुसऱ्यांना. खरी पारख लागते ती पहिल्या दोन प्रकारांना, आणि या दोघांच्या गरजा एकमेकींच्या जवळजवळ उलट आहेत.

आवाज किती आणि कशाचा?

कॅफेतील गोंगाटात कामे चांगली होतात, असे अनेकदा ऐकू येते. त्यामागे २०१२ साली ‘जर्नल ऑफ कन्झ्युमर रिसर्च’मध्ये प्रसिद्ध झालेले रवी मेहता, रुई झू आणि अमर चीमा यांचे संशोधन आहे. त्यांनी ५०, ७० आणि ८५ डेसिबल अशा तीन पातळ्यांचा पार्श्वध्वनी वापरून प्रयोग केले. सुमारे ७० डेसिबलच्या मध्यम आवाजात कल्पकतेची कामे ५० डेसिबलच्या तुलनेत सरस झाली. ८५ डेसिबलला मात्र ती बिघडली. मध्यम आवाजामुळे विचारात किंचित अडथळा येतो, त्यामुळे मन तपशिलातून सुटून अधिक व्यापक पातळीवर विचार करते, असा त्यांचा निष्कर्ष होता.

या निष्कर्षाची मर्यादा मात्र बहुधा सांगितली जात नाही. हे प्रयोग कल्पना सुचण्याच्या कामांबद्दलचे होते. ताळेबंदातील चूक शोधण्याला किंवा करारनाम्याच्या अनुवादाला ते जसेच्या तसे लावता येत नाहीत.

आकड्यांचा अंदाज यावा म्हणून काही तुलना उपयोगी पडतील. एक मीटर अंतरावरचे साधे बोलणे सुमारे ६० डेसिबलचे असते. कॉफी दळण्याचे यंत्र चालू झाले की आवाज ८० डेसिबलच्या आसपास जातो. आपल्याकडील २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार व्यापारी भागात दिवसा ६५ डेसिबल, तर शांतता क्षेत्रात ५० डेसिबल ही मर्यादा आहे. डेसिबलची मोजणी सरळ चढत्या पायऱ्यांची नाही. दहा डेसिबलची वाढ म्हणजे ध्वनीची ऊर्जा दहापट, आणि कानाला आवाज सुमारे दुप्पट वाटतो.

आवाज किती यापेक्षाही तो कशाचा, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. पंख्याची घरघर, पावसाची सर, दूरच्या टेबलांवरची अस्पष्ट कुजबुज यांना मेंदू लवकर सरावतो. शब्द कळू लागले की मात्र गाडी अडते. वाचन आणि लेखन ही भाषेची कामे. त्याच वेळी कानावर पडणारे अर्थपूर्ण बोलणेही मेंदूच्या त्याच यंत्रणेकडे जाते. मराठीत लिहिणाऱ्याला शेजारच्या टेबलावरचे मराठी बोलणे अधिक नडते ते यामुळेच. अनोळखी भाषेतील गप्पांचा अर्थ लागत नाही आणि तेवढी सुटका होते. मराठी वा हिंदी गाणी लावणाऱ्या कॅफेबाबतही हेच म्हणता येईल. शब्दांवाचूनचे वाद्यसंगीत त्या मानाने निरुपद्रवी.

त्यातही मोबाइलवरचे बोलणे वाईट. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या लॉरेन एम्बरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली ‘सायकॉलॉजिकल सायन्स’मध्ये याविषयी प्रयोग प्रसिद्ध केले. दोघांचे पूर्ण संभाषण ऐकू येण्यापेक्षा दूरध्वनीवरील एकाच बाजूचे बोलणे ऐकू येणे लक्ष अधिक विचलित करते, असे त्यांना आढळले. पलीकडचा काय म्हणाला असेल, याचा अंदाज बांधण्यात आपले मन नकळत गुंतते. आरंभी सांगितलेल्या सदनिकेच्या व्यवहारात प्रस्तुत प्रतिनिधीला रस नव्हता. तरीही अखेरीस किती लाखांवर तडजोड झाली, हे आजही आठवते.

आवाजाचा अंदाज डोळ्यांनीही घेता येतो. काच, सिमेंट, लादी आणि उंच रिकामे छत असलेल्या जागी ध्वनी परावर्तित होऊन घुमतो. पडदे, गाद्यांच्या खुर्च्या, लाकडी कपाटे, पुस्तकांच्या रांगा ध्वनी शोषून घेतात. घुमणाऱ्या जागी आणखी एक गोष्ट घडते. गोंगाटात प्रत्येक जण नकळत आवाज चढवून बोलतो आणि त्यामुळे गोंगाट आणखी वाढतो. फ्रेंच वैद्य एतिएन लोम्बार्ड यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी याची नोंद केली, म्हणून त्याला लोम्बार्ड परिणाम म्हणतात. रिकामा असताना शांत वाटलेला काचेचा कॅफे निम्मा भरताच असह्य का होतो, त्याचे उत्तर येथे आहे.

तेव्हा जागा निवडताना काउंटर, स्वयंपाकघराचे दार आणि ध्वनिवर्धक या तिघांपासून दूर, शक्यतो पाठ भिंतीला लागेल अशी निवडावी. मोबाइलवरील ध्वनिमापक अचूक नसतात. पण एकाच कॅफेतील दोन कोपऱ्यांची तुलना करण्यापुरते ते पुरेसे आहेत.

टेबल, खुर्ची आणि उजेड

लिहिण्याच्या टेबलाची उंची साधारणतः ७० ते ७५ सेंटिमीटर असते. सोफ्यापुढचे कॉफीचे टेबल ४० ते ४५ सेंटिमीटरचे असते. त्यावर लॅपटॉप ठेवला की मान आणि पाठ दोन्ही वाकतात. मांडीवर घेतला तर मान वाकतेच, शिवाय मांडी तापते. साधी परीक्षा अशी: खुर्चीवर बसून पाय जमिनीला पूर्ण टेकवावेत आणि हात टेबलावर ठेवावेत. कोपर साधारण काटकोनात आणि खांदे सैल राहिले, तर जागा कामाची. उंच स्टुलांवर पाय लोंबकळतात; तेथे अर्ध्या तासापेक्षा अधिक बसवत नाही. इराण्याच्या ताठ पाठीच्या लाकडी खुर्चीला आपण कितीही नावे ठेवली, तरी लिहिण्यासाठी ती मऊ सोफ्यापेक्षा बरी.

उजेडाचे गणितही असेच आहे. वाचन-लेखनाच्या कामासाठी टेबलावर ३०० ते ५०० लक्स प्रकाश असावा, असे कार्यालयांच्या रचनेत सामान्यतः धरले जाते. कॅफेचे मंद पिवळे दिवे गप्पांना शोभून दिसतात, पण छापील कागद वाचायचा असेल तर डोळे शिणतात. खिडकी डाव्या किंवा उजव्या हाताला असावी. ती पाठीशी असली तर तिचे प्रतिबिंब पडद्यावर पडते, आणि समोर असली तर झगमगाटापुढे पडदा फिका दिसतो. खिडकीजवळचा एक लाभ मात्र मोठा. नेत्रतज्ज्ञ दर वीस मिनिटांनी सुमारे वीस फुटांवर वीस सेकंद पाहण्याचा सल्ला देतात. रस्ता दिसत असला की तो आपोआप पाळला जातो.

वातानुकूलन यंत्राच्या थेट झोताखाली बसणे टाळावे. तासाभराने बोटे गारठतात आणि मन कामावरून उठते. स्वच्छतागृहाची चौकशी आधीच करावी. तीन तास बसायचे आणि दोन कप कॉफी प्यायची, तर हा मुद्दा गौण नाही. विशेषतः महिलांच्या दृष्टीने स्वच्छ, आतून नीट बंद होणारे स्वच्छतागृह आणि परतीच्या वाटेवरचा उजेड हे निवडीचे पहिले निकष ठरतात. एकट्याने काम करणाऱ्याने हेही पाहावे की, पाच मिनिटे उठावे लागले तर आपले टेबल काउंटरवरून दिसते का. तरीही लॅपटॉप टेबलावर सोडून न गेलेलेच बरे.

वीज आणि इंटरनेट

एके काळी कॅफेची निवड वायफायवर होत असे. २०१६ च्या सप्टेंबरात जिओची सेवा सुरू झाल्यानंतर मोबाइलवरील डेटा स्वस्त झाला, ऑक्टोबर २०२२ पासून देशात फाइव्ह-जी सेवाही आली. त्यामुळे वायफायचे महत्त्व कमी झाले असून स्वतःच्या मोबाइलचा हॉटस्पॉट अधिक भरवशाचा ठरतो. सार्वजनिक वायफायवर बँकेचे व्यवहार वा कार्यालयीन गोपनीय काम करण्यापेक्षाही तोच मार्ग सुरक्षित. मात्र तळघरातील किंवा जाड भिंतींच्या जुन्या वाड्यात थाटलेल्या कॅफेत मोबाइलला संदेशलहरीच मिळत नाहीत. बसण्यापूर्वी मोबाइलकडे एकदा पाहून घ्यावे.

विजेचा प्रश्न मात्र कायम आहे. प्लग कोठे आहेत, ते चालू आहेत का आणि वायर कोणाच्या वाटेत येणार नाही ना, हे मागणी नोंदवण्यापूर्वी पाहावे. सर्वांत उत्तम म्हणजे घरूनच बॅटरी पूर्ण भरून नेणे. पुण्यात देखभाल-दुरुस्तीसाठी गुरुवारी वीज बंद ठेवण्याची जुनी रीत आहे. त्या दिवशी जनरेटर असलेला कॅफे निवडावा अथवा बॅटरीवर उरकेल एवढेच काम न्यावे. पावसाळ्यात मोकळ्या अंगणातील टेबले कितीही मोहक वाटली, तरी एका सरीत कागद आणि यंत्र दोन्ही भिजतात.

वेळ आणि वार

एकच कॅफे सकाळी नऊला वाचनालयासारखा असतो आणि सायंकाळी सहाला लग्नमंडपासारखा. त्यामुळे ‘कोणता कॅफे’ याइतकाच ‘किती वाजता’ हा प्रश्न मोलाचा. सर्वसाधारणपणे कामाच्या दिवशी सकाळी उघडल्यापासून बारापर्यंत आणि दुपारी अडीच ते साडेचार या वेळा निवांत असतात. जेवणाची वेळ आणि सायंकाळ टाळावी. शनिवार-रविवार तर सोडूनच द्यावेत.

परिसरानुसार हे गणित बदलते. महाविद्यालयांच्या आसपास, उदाहरणार्थ फर्ग्युसन रस्त्यावर, परीक्षेच्या काळात गर्दीचे रूप वेगळे असते आणि सुट्टीत वेगळे. बाणेर-हिंजवडी किंवा मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुल अशा कार्यालयांच्या भागात दुपारी एक ते तीन पाय ठेवायला जागा नसते, पण शनिवारी तेच कॅफे ओस पडतात. आपल्या घराजवळचा कॅफे कोणाच्या दिनक्रमावर चालतो, हे ओळखले की त्याची रिकामी वेळ सापडते. आणि मोठ्या मुदतीचे काम हाती असेल, तर ती वेळ आधीच ठाऊक असणे हाच अर्धा विजय.

पेल्यातली कॉफी

काम लांबले की कॉफीचे पेलेही वाढतात. निरोगी प्रौढ व्यक्तीने दिवसाकाठी ४०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन घेण्यास सहसा हरकत नाही, असे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचे म्हणणे आहे. गर्भवतींसाठी २०० मिलिग्रॅमची मर्यादा सांगितली जाते. एस्प्रेसोच्या एका मापात सुमारे ६० ते ६५ मिलिग्रॅम कॅफीन असते; मोठ्या पेल्यात अशी दोन मापे घातलेली असतात. शरीरातील कॅफीन निम्म्यावर यायला सरासरी पाच तास लागतात. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात झोपण्यापूर्वी सहा तास आधी घेतलेल्या ४०० मिलिग्रॅम कॅफीनमुळेही झोप तासाभराहून अधिक घटल्याचे आढळले. सायंकाळी पाचची तिसरी कॉफी दुसऱ्या दिवशीच्या सकाळचे काम बिघडवू शकते. दुपारनंतर लिंबू सरबत, ताक किंवा कॅफीनविरहित काढा मागवला तरी खुर्चीचा हक्क तेवढाच राहतो.

खुर्चीचे भाडे

आता या व्यवहाराची दुसरी बाजू. लॅपटॉप घेऊन येणाऱ्या गिऱ्हाईकाबद्दल मालक कुरकुरतात, तेव्हा आपल्याला वाटते की विजेसाठी. हिशेब करून पाहा. ६५ वॅटचा चार्जर तीन तास पूर्ण शक्तीने चालला तरी वीज लागते सुमारे ०.२ युनिट, व्यावसायिक दराने तिची किंमत चार-पाच रुपयांच्या आतच राहते. मालकाला महाग पडते ती खुर्ची. समजा, चाळीस खुर्च्यांच्या कॅफेत सायंकाळी एकेक टेबल तासातासाने नवे गिऱ्हाईक घेते. तेथे चौघांच्या टेबलावर एकाने दोनशे रुपयांच्या कॉफीवर तीन तास काढले, तर मालकाच्या दृष्टीने तीन वेळचे चौघे गेले. दुकानाचे भाडे, पगार आणि परवाने यांचा बोजा त्याच खुर्च्यांवर असतो.

इराण्यांच्या भिंतींवर फार वेळ न बसण्याच्या सूचना असत, त्या याच कारणाने. प्रश्न जगभरचा आहे. दक्षिण कोरियात कॅफेत ठाण मांडून अभ्यास वा काम करणाऱ्यांसाठी ‘कागोंगजोक’ असा शब्दच रूढ झाला आहे. काही जण थेट टेबलावरचा संगणक आणि प्रिंटर आणू लागल्यावर तेथील स्टारबक्सने ऑगस्ट २०२५ मध्ये अशा वस्तू आणण्यास मनाई केली. उत्तर अमेरिकेतील स्टारबक्सनेही जानेवारी २०२५ मध्ये, काहीही विकत न घेता बसण्याची २०१८ पासूनची मुभा मागे घेतली. आपल्याकडेही सुट्टीच्या दिवशी लॅपटॉपला मज्जाव करणाऱ्या पाट्या काही ठिकाणी दिसतात. त्यामुळे बसण्यापूर्वी एकदा विचारलेले चांगले.

या खोलीचे भाडे प्रामाणिकपणे चुकते करण्याचे काही साधे संकेत आहेत. दर तास-सव्वा तासाला काहीतरी मागवावे. एकट्याने दोघांचेच टेबल घ्यावे. गर्दी वाढू लागली की स्वतःहून उठावे. वेटरला टेबलाभोवती घुटमळायला लावू नये. मोबाइलवर बोलायचे तर बाहेर जाऊन बोलावे आणि ध्वनिचित्रफीत इअरफोनवाचून लावू नये. घरचा डबा उघडू नये.

आणि वेटरची आठवण ठेवावी. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार उपाहारगृहांना बिलात सेवाशुल्क आपोआप लावता येत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये त्या सूचना कायम ठेवल्या. म्हणजे बक्षिसी द्यायची की नाही, हे सर्वस्वी गिऱ्हाईकावर आहे. ज्याने तीन तासांत पाच वेळा न मागता पाणी आणून दिले, त्याच्या हातावर काहीतरी ठेवावे. पुढच्या खेपेस प्लगजवळचे टेबल तोच राखून ठेवतो, हा व्यवहाराचा भाग झाला. पण माणुसकीचा भागही आहेच.

कॅफे नको तेव्हा

काही कामांना कॅफे उपयोगाचाच नाही, हेही मान्य केले पाहिजे. संपूर्ण शांतता हवी असेल तर वाचनालय गाठावे. मुंबईत काळा घोडा येथील डेव्हिड ससून वाचनालयाची इमारत १८७० मध्ये पूर्ण झाली. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ सालचे, तर पुणे नगर वाचन मंदिराची परंपरा १८४८ पर्यंत मागे जाते. सदाशिव-नारायण पेठांतील अभ्यासिका स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्यांनी भरलेल्या असतात. तेथे मासिक शुल्कात स्वतःची खुर्ची, दिवा आणि प्लग मिळतो, आणि कोणीही बोलत नाही. दिवसभर व्हिडिओ बैठका असतील तर दिवसाच्या बोलीने मिळणारी सामायिक कार्यालये बरी. तीन-चार पेयांच्या बिलाची बेरीज केली, तर ती फार महाग पडत नाहीत.

पहिली भेट पाहणीची

सारांश, कामाची जागा मुदतीच्या दिवशी शोधू नये. एखाद्या मोकळ्या सकाळी अर्धा तास काढावा, हाती पुस्तक घेऊन जावे आणि केवळ पाहावे. टेबल किती उंच, प्लग कोठे, ध्वनिवर्धक कोणत्या कोपऱ्यात, खिडकी कोणत्या हाताला, स्वच्छतागृह कसे, गर्दी केव्हा सुरू होते आणि बसलेल्या माणसाकडे वेटर कसा पाहतो. यांतील शेवटची गोष्ट कोणत्याही संकेतस्थळावरील तारांकनात सापडत नाही. अशा दोन जागा ठरवून ठेवाव्यात: कल्पनेच्या कामाला थोडी गजबजलेली, एकाग्रतेच्या कामाला निवांत.

प्रस्तुत प्रतिनिधीने आता अशी जागा शोधली आहे. तेथील कॉफी सामान्य आहे. छत बुटके आहे, भिंतींना लाकडाची तावदाने आहेत आणि खुर्च्या कठीण आहेत. सकाळी साडेअकरापर्यंत मागच्या कोपऱ्यात कोणी नसते. वेटर ‘नेहमीचं ना?’ एवढेच विचारतो, आणि बारा वाजता जेवणाची गिऱ्हाइके येऊ लागली की न सांगता उठायचे, हे दोघांनाही ठाऊक आहे. हा लेख तेथेच लिहिला, आणि तो मुदतीत पोहोचला.